ओळखदेख नसताना फ्री सॉफ्टवेअरवाले एकमेकांवर भरवसा कसा ठेवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुणीही कुठूनही खातं उघडतो, मी मोठा प्रोग्रामर म्हणून सांगतो. मग त्यातला खरा कामाचा कोण आणि नुसता बोलघेवडा कोण, हे फ्री सॉफ्टवेअरवाले, म्हणजे आपला कोड सगळ्यांना वापरायला आणि बदलायला खुला ठेवणारे, सुरुवातीला ठरवायचे कसं? आणि अ‍ॅडव्होगाटो हे काय प्रकरण होतं?

दुसऱ्याचं उत्तर दिलं की पहिल्याचं अर्धं मिळतं. राफ लेव्हियन नावाच्या माणसानं नोव्हेंबर १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी अ‍ॅडव्होगाटो हा वेबसाइटवरचा अड्डा काढला. गडी बर्कलीत पीएच.डी. करत होता आणि त्याच्या संशोधनाचा विषयच हा होता: खोटी माणसं घुसवून भरवशाची यादी बिघडवायचा कुणी प्रयत्न केला, तरी ती टिकेल कशी? त्यामुळं अ‍ॅडव्होगाटो म्हणजे गप्पांची जागा कमी आणि त्याच्या गणिताची प्रयोगशाळा जास्त.

तिथं सदस्यच सदस्यांना दर्जा द्यायचे. अप्रेंटिस (शिकाऊ), जर्नीयर (कामात मुरलेला), मास्टर (उस्ताद) असे तीन. दर्जा मिळालाच नाही तर तुम्ही ऑब्झर्व्हर, म्हणजे रोजनिशी लिहा, बाकीच्यांचं बघत बसा. इथवर काही विशेष नाही. विशेष आहे ते पुढं, दर्जा ठरवण्यात.

सरळ मतं मोजली तर काय होईल बघा. कुणीतरी सांगलीच्या एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसला, हजार खोटी खाती उघडली आणि सगळ्यांकडून एकमेकांना 'मास्टर' म्हणवून घेतलं. मोजणीत हाच सगळ्यात मोठा मास्टर. फॉलोअर आणि लाइक मोजणाऱ्या सगळ्यांचं आजही हेच दुखणं आहे.

आता आमच्याकडची पतसंस्था घ्या. कर्ज काढायचं तर जामीनदार लागतात. माझे मामा सज्जन म्हणून भागात नावाजलेले, त्यामुळं ट्रॅक्टरवाला, म्हैसवाला, जो तो सहीसाठी त्यांच्याच दारात. अशाच एकासाठी सही करायला गेले, तर क्लार्कनं रजिस्टर उघडलं, त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही आधीच दोघांना जामीन आहात. आता तुमची सही चालत नाही." मामांच्या सज्जनपणावर त्याचा संशय नव्हता. सज्जन माणसाच्या सहीलाही मर्यादा असते, एवढंच त्याचं म्हणणं.

लेव्हियनचं गणित म्हणजे हेच रजिस्टर, फक्त जगभराचं. सुरुवातीला त्यानं चार माणसं धरली: तो स्वतः, लिनक्स या फ्री ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, काम करणारा अ‍ॅलन कॉक्स, आणि ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारे मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना. सगळी ऐपत, म्हणजे किती जणांना जामीन राहता येईल ती मर्यादा, यांच्यापासून निघते. मुळाशी ८००, मग २००, पुढं ५०, १२, असं उतरत उतरत शेवटी १. तुम्ही या चौघांपासून जितक्या सह्या, म्हणजे दर्जा देण्याचे जितके टप्पे, दूर, तितकी तुमची ऐपत कमी. प्रत्येकाच्या ऐपतीतला १ त्याच्या स्वतःच्या नावावर खर्ची पडतो, उरलेली त्यानं ज्यांना दर्जा दिला त्यांच्याकडं जाते. जिथवर ती पोचते ती माणसं खरी धरायची. हा हिशोब तीनदा व्हायचा, प्रत्येक दर्जासाठी वेगळा.

इंजिनिअरिंगच्या मुलांना मॅक्स फ्लो, म्हणजे जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल याचं गणित, शिकवताना मी हेच उदाहरण फळ्यावर घेतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या पाइपलाइनी बघून मुलांना झोप येते. फोर्ड आणि फुल्करसन यांनी १९५६ साली छापलेली रीत इथं लागू पडते. आता आपल्या सायबर कॅफेवाल्याकडं परत बघा. त्याच्या हजार खात्यांनी एकमेकांना काहीही म्हणू दे, बाहेरून त्यांच्यात ऐपत येतच नाही, म्हणून ती सगळी शून्य. समजा १२ ऐपतीच्या एका भोळ्या सदस्यानं त्यातल्या एकाला दर्जा देऊन टाकला. १ त्याच्या स्वतःचा गेला, उरले ११. म्हणजे त्याच्या चुकीतून फार फार तर ११ खोटे आत येणार. मागं हजार उभे असोत की लाख, आकडा ११ च्या वर जात नाही. किती खोटी खाती आहेत याला काहीच महत्त्व नाही, किती खरी माणसं फसली आणि त्यांची ऐपत किती, एवढंच बघायचं. मला तरी हे त्या काळातलं सगळ्यात देखणं गणित वाटतं.

पण याची किंमत कुणीतरी मोजायचा, आणि तो आपल्यासारखा. २००० च्या आसपास सांगलीत डायल-अपवर बसलेला एखादा पोरगा घ्या. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलंय, एखाद्या ड्रायव्हरमधला (यंत्राचा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधला) दोष स्वतः शोधून दुरुस्त केलाय. पण त्या चौघांपर्यंत जाणारी एकही सही त्याच्याकडं नाही. गणिताच्या लेखी हा पोरगा आणि ती हजार खोटी खाती यांच्यात काडीचा फरक नाही. दोघंही ऑब्झर्व्हर. चोर अडवायचा तर अनोळखी पाहुणाही दारात थांबणार, हे लेव्हियनला ठाऊक होतं, आणि त्याला इलाज नव्हता. दुसरा दोष माणसांचा. मित्राला 'अप्रेंटिस' म्हणायचं जिवावर येतं, म्हणून लोक हात सैल सोडून 'मास्टर' वाटायचे. सही खरी आहे की नाही हे गणित बघतं, ती भिडेपोटी केली आहे का, ते त्याला कळत नाही.

याची खरी परीक्षा झाली ती मार्च २०२४ मध्ये, दुसऱ्याच ठिकाणी. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं आणि ते अनेक वर्षं लासे कोलिन हा एकटा माणूस सांभाळत होता. 'जिया टान' या नावानं कुणीतरी २०२१ पासून तिथं नीट, उपयोगी काम पाठवत राहिला. दरम्यान आधी कुठं न दिसलेली काही नावं येऊन कोलिनवर दबाव टाकू लागली, की तुला जमत नाही, कुणाला तरी सोबत घे. कोलिननं जियाला हक्क दिले, आणि २०२४ च्या सुरुवातीला जियानं ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरायची चोरवाट, बसवलं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएचचं (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या साधनाचं) लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं दिसलं, तो मागं लागला, म्हणून ते उघडं पडलं. नाहीतर काय झालं असतं, विचारू नका.

अ‍ॅडव्होगाटोचं गणित तिथं असतं तर? दबाव टाकणारी ती नावं शून्यावर आली असती, कारण त्यांच्यामागं कुणाचीच ऐपत नव्हती. कोलिनला निदान कळलं असतं की ही गर्दी म्हणजे नुसता आवाज आहे. पण जिया टानला दर्जा मिळालाच असता, आणि तोही प्रामाणिक माणसांकडून, खरं काम बघून. गर्दी अडवणं गणिताला जमतं. दोन वर्षं कळ काढून चांगलं काम करणारा ठग त्याला सापडत नाही.

म्हणून आता भरवसा एकाच गोष्टीवर ठेवत नाहीत. डेबियन या लिनक्सच्या एका अवतारात डेव्हलपर व्हायचं तर सहसा आधीच्या डेव्हलपरांनी तुम्हाला समोरासमोर भेटून, ओळखपत्र बघून तुमच्या डिजिटल किल्लीवर (संगणकावर तुमची ओळख पटवणाऱ्या खुणेवर) सही केलेली लागते. (२०२३ साली त्यांचं जागतिक संमेलन कोचीला भरलं होतं. सांगलीहून कोची म्हणजे एका रात्रीत उरकणारा प्रवास नव्हे, पण व्हिसा तरी नको.) शिवाय त्याच कोडवरून दुसऱ्यानं बांधलेलं पॅकेज बाइट न् बाइट तेच येतं का, हेही तपासतात. एक्सझेडमध्ये काही चावट भाग गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या उघड्या वहीत, नव्हताच, तो फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या गाठोड्यात, होता, त्यामुळं या तपासणीबरोबरच टारबॉल आणि गिट जुळवून बघायची निकडही लोकांना पटली.

अ‍ॅडव्होगाटो पुढं स्टीव्हन रेनवॉटरनं सांभाळलं, आता ते बंद आहे. पण त्याचं सॉफ्टवेअर, मॉड व्हर्ग्यूल, सी भाषेत लिहिलेलं आणि फ्री आहे. तुम्हाला सी येत असेल तर त्यातला भरवशाच्या गणिताचा भाग तेवढा वाचा, फार मोठा नाही. मग वहीवर दहा-बारा नावं लिहून बाण काढा, दोन खोटी नावं घुसवा आणि हातानं हिशोब करून बघा. कुठं अडलात तर खाली विचारा.