देवाचा राग येतो, म्हणजे विश्वास गेला का?

म्हापशात समुपदेशन करताना ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारं माणूस बहुतेक वेळा घरच्यांपासून, फादरांपासूनही तो लपवून आलेलं असतं. इथे सांगते ती हकीगत अशाच एका आईची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई मूळच्या सावंतवाडीच्या, शिक्षण मराठीतून, लग्न होऊन बार्देशात आलेल्या. नवरा तारवटी, वर्षातले बरेच महिने बोटीवर. ऐन पावसाळ्यात मोटरसायकलच्या अपघातात कॉलेजात जाणारा मुलगा गेला. संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होई. त्यातली 'आमच्या बापा' ही येशूने शिकवलेली प्रार्थना सुरू झाली की 'तुझी इच्छा पूर्ण होवो' या ओळीशी त्यांचा आवाज अडे. सासूबाई वळून बघत. मग स्वयंपाकघरात काम आहे असं सांगून त्या उठून जाऊ लागल्या.

"ताई, लोक म्हणतात देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. नणंद म्हणते रडू नको, त्याच्या आत्म्याला त्रास होतो. आणि मला देवाचा इतका राग येतो! हे पाप ना?"

चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात, हे वाक्य सांत्वनाला आलेल्यांनी कृपा करून बोलू नये. पोटचं पोर गेलेल्या आईला त्यातून एवढंच ऐकू येतं की देवानेच ते हिसकावून नेलं.

मी त्यांच्यासमोर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडला. मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच थांबतो. तो पोचेपर्यंत लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था गावाबाहेर येऊन त्याला तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया पाया पडून अगदी तेच म्हणते. येशू दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' हे ख्रिस्ती आशेचं सर्वांत मोठं वाक्य तो तक्रार करणाऱ्या त्या मार्थेलाच सांगतो. मरियेला मात्र तो काही समजावत नाही. तिच्याबरोबर रडतो. तिच्या भावाला आता आपण मेलेल्यांतून उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडतो.

बाईंनी तो भाग पुन्हा वाचला. "म्हणजे तो रागावला नाही तिच्यावर?"

नाही रागावला. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं कितीतरी आहेत. ८८ व्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारावर होतो, आणि चर्चच्या नित्य प्रार्थनाक्रमात ते शुक्रवारच्या रात्रीला नेमलेलं आहे. देवाशी भांडणारं माणूस अजून देवाशी बोलत असतं. माझ्या मते अबोला जास्त काळजीचा.

मी त्यांना देवाला पत्र लिहायला सांगितलं, शुद्धलेखनाची, भक्तीची काही अट न घालता. मुलाच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर त्यांनी लिहिलं. पहिली ओळ होती, 'त्या रात्री रस्त्यावर एवढा पाऊस होता, तू कुठे होतास?' ते वाचून दाखवताना त्या इतक्या मोठ्याने रडल्या की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. घरात इतके दिवस त्यांना असं रडताच आलं नव्हतं.

पुढची वाट सरळ नव्हती. नाताळात पुन्हा सगळं उसळून आलं. नवरा रजेवर आला तेव्हा दोघं मिळून माझ्याकडे आली. मुलाचं नाव घरात कोणी उच्चारायचं नाही हा न ठरवता पडलेला नियम तेव्हा मोडला. 'सगळं चांगल्यासाठीच होतं' असं मी त्यांना कधीच म्हटलं नाही. मेलेल्यांतून उठलेल्या येशूच्या हातांवर क्रुसाच्या खिळ्यांच्या जखमा होत्याच, त्या त्याने थोमा या शिष्याला दाखवल्या. जखम राहूनही जगता येतं, एवढ्याच आशेवर आम्ही काम केलं. मुलाच्या वर्षश्राद्धाच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, बायबलमधला कुठला पाठ घ्यायचा हे त्यांनीच फादरांना सांगितलं: मार्था आणि मरियेचा.

शोक आणि नैराश्य यांत फरक करावा लागतो. झोप आणि जेवण बराच काळ तुटलं, 'मलाही त्याच्याकडे जायचंय' असं बोलणं सुरू झालं, तर प्रार्थनेबरोबर मनोविकारतज्ज्ञही हवा, आणि त्यात श्रद्धेची कसलीही हार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीबेरात्रीही चालू असतो, तिथे मराठीतून बोलता येतं.