मॅन पानांचं एन्कोडिंग एकगठ्ठा बदलताना

मालवणहून प्रश्न आलाय: कॉलेजच्या सर्व्हरवर जुनी मॅन पानं (युनिक्स-लिनक्समधली कमांडची माहितीपानं) आहेत. त्यांचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, वेगवेगळं आहे: काही लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीचं) मध्ये, काही कोई८-आर (रशियन), काही ईयूसी-जेपी (जपानी). सगळी यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांना चालणारं एन्कोडिंग) करायची आहेत. फाइलमागे एकदा आयकॉन्व्ह (एन्कोडिंग बदलणारी कमांड) चालवणारी स्क्रिप्ट फार वेळ घेते, म्हणून स्वतःचं टूल लिहायचंय. ते कसं रचावं?

आधी मॅन-डीबीमधलं (मॅन पानं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) मॅन-रिकोड बघून घ्या, ते नेमकं याच कामासाठी आहे. तुमच्या स्क्रिप्टचा वेळ अक्षरं बदलण्यात जात नाही, दर फाइलला नवी प्रोसेस उभी करण्यात, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने सुरू करण्यात जातो. मॅन-रिकोड एकाच प्रोसेसमध्ये हव्या तितक्या फाइली घेतं. तुमच्या टूलनेही तेच करावं.

खरं काम आहे ते मूळ एन्कोडिंग ओळखण्याचं. पहिल्या ओळीत 'कोडिंग' अशी घोषणा असेल तर ती माना. नसेल तर बाइट यूटीएफ-८ म्हणून वैध आहेत का ते तपासा. ते नियम कडक असल्यामुळे दुसऱ्या एन्कोडिंगचा मजकूर त्या तपासणीत सहसा वैध ठरत नाही. तिथेही नाही जमलं तर डिरेक्टरीचं नाव बघा: 'आरयू' (रशियन) खाली जुनी पानं बहुधा कोई८-आर, 'जेए' (जपानी) खाली ईयूसी-जेपी. लॅटिन-१ अगदी शेवटी, कारण ते कुठल्याच बाइटला नाही म्हणत नाही. ते आधी ठेवलंत तर यूटीएफ-८ मधला तीन बाइटचा 'म' पुन्हा बदलून सहा बाइटचा कचरा होईल आणि टूल मात्र सगळं ठीक म्हणेल. आणि जिथे ठरवता येत नाही तिथे अंदाज मारू नका. फाइल आहे तशी सोडा आणि तिचं नाव एरर आउटपुटवर छापा. न बसणारी अक्षरं गाळून पुढे जाणारा पर्याय तर मी ठेवणारच नाही.

बदल झाल्यावर ती घोषणाही बदलायची, नाहीतर पुढच्या वेळी टूल त्या जुन्या नावावर विश्वास ठेवेल. पण अख्खी ओळ पुसू नका. त्याच ओळीत 'टी' सारखं अक्षर असू शकतं, ते तक्त्यांसाठी टीबीएल हा तक्ते आखणारा प्रोग्रॅम चालवायला सांगतं. ते गेलं की पानातले तक्ते विस्कटतात.

आता आपल्याकडची गोष्ट. पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मूळ फाइल उघडून तिच्यावरच लिहिणारं टूल तेवढ्यात बंद पडलं तर अर्धं पान उरतं. म्हणून त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवा), परवानग्या मूळ फाइलसारख्या करा आणि मगच तिला मूळ फाइलचं नाव द्या, म्हणजे रीनेम करा. डिरेक्टरी तीच हवी, कारण रीनेम एकाच फाइलसिस्टिममध्ये चालतं. असं केलंत की लाइट गेली तरी जुनं पान नाहीतर नवं पान, दोन्हींपैकी एक पूर्ण मिळतं. परत चालवलं की यूटीएफ-८ झालेली पानं टूल आपोआप वगळेल, त्यामुळे कुठवर आलो होतो याची नोंद ठेवावी लागत नाही.

सिम्बॉलिक लिंकवर (दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या नोंदीवर) रीनेम केलंत तर लिंक जाऊन तिथे साधी फाइल येते, म्हणून लिंका वगळा. जीझिपने दाबून लहान केलेलं पान उलगडून 'डॉट जीझेड' काढून ठेवलंत तर त्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या लिंका तुटतात. परत दाबून त्याच नावाने ठेवणं बरं.

एक फाइल बिघडली म्हणून थांबू नका, पण शेवटी एक्झिट कोड (टूल संपताना देतं तो आकडा) शून्य देऊ नका, कारण शून्य म्हणजे सगळं ठीक.

सुरुवात 'आरयू' वर करा, आणि मूळ फाइलींवर न लिहिता नावाच्या शेवटी वेगळा सफिक्स जोडून नव्या फाइलींत आउटपुट काढा. कोई८-आर पान लॅटिन-१ समजून बदललं गेलं तर एररही येत नाही, नुसती स्वरचिन्हं लागलेली रोमन अक्षरं दिसतात. त्यामुळे चार-पाच पानं उघडून डोळ्यांनी बघा, मग बाकीची डिरेक्टरी घ्या.