जुनी जॅग्वार रोज चालवताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न जॅग्वार एक्सके-8 या गाडीच्या कापडी छपराच्या आवृत्तीविषयी आहेत. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात तयार झालेली ही गाडी 1996 मध्ये बाजारात आली. आज चालू असलेल्या बहुतेक एक्सके-8 वयाने वीस वर्षांच्या पुढे आहेत, आणि खालील उत्तरे लिहिताना ते वय सतत डोळ्यांसमोर ठेवले आहे.

प्रश्न : मी 1998 ची 4 लिटर इंजिनाची एक्सके-8 घेण्याच्या विचारात आहे. गाडी रोज कामावर नेणार आहे. या इंजिनाबद्दल फार वाईट ऐकले आहे. ते कितपत खरे आहे?

आपण ऐकले आहे त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. त्यांपैकी एकीची काळजी आता फारशी करण्याचे कारण नाही. दुसरीची मात्र गाडी ताब्यात घेताच करायला हवी.

पहिली गोष्ट निकासिलची. या गाडीतील सुरुवातीच्या एजे-व्ही8 (जॅग्वारच्या आठ सिलिंडरच्या) इंजिनांच्या सिलिंडरना आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर दिलेला होता. त्या काळच्या पेट्रोलमधील गंधकामुळे हा थर झिजत असे, सिलिंडरमधील दाब उतरत असे आणि अनेक इंजिने त्यामुळे बदलावी लागली. ऑगस्ट 2000 पासून जॅग्वारने सिलिंडरना ओतीव लोखंडाचे अस्तर द्यायला सुरुवात केली. तथापि, ज्या इंजिनाचा थर त्या वर्षांतून सहीसलामत सुटला, ते आजच्या अत्यल्प गंधकाच्या पेट्रोलवर या कारणाने बिघडण्याची शक्यता कमी आहे. खरेदीपूर्वी आठही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यावे. आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर निर्धास्तपणे पुढे जावे.

याच इंजिनाची एक खोड रोजच्या वापरात लक्षात ठेवली पाहिजे. थंड इंजिन सुरू करून गाडी दारातून दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, तर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन टाकते, दाब नाहीसा होतो आणि नंतर इंजिन कितीही फिरवले तरी सुरू होत नाही. तसे झाल्यास अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर फिरवावा. त्या स्थितीत पेट्रोलचा पुरवठा थांबतो आणि सिलिंडर मोकळे होतात. त्याहून चांगले म्हणजे इंजिन सुरू केलेच, तर ते पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवावी. रोज काही अंतर जाणाऱ्या माणसाकडे ही गाडी अधिक निरोगी राहते, असे माझे ठाम मत आहे आणि त्याचे एक कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट टायमिंग चेनच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या साखळीच्या, टेन्शनरची. 2001 च्या उत्तरार्धापूर्वीच्या इंजिनांत चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे अंग प्लास्टिकचे होते. वय आणि उष्णता यांमुळे, विशेषतः वरच्या दोन टेन्शनरच्या, प्लास्टिकला तडे जातात. तुकडा निसटला की चेन सैल होते आणि दातांवरून उडी मारते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन निकामी होते. थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखडाट येत असेल, तर गाडी त्या क्षणी थांबवावी. परंतु आवाज येत नाही म्हणून टेन्शनर शाबूत आहेत, असे मात्र समजू नये. विक्रेत्याकडे धातूचे टेन्शनर बसवल्याचे बिल नसेल, तर वरची झाकणे उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि प्लास्टिक दिसले तर ते धातूचे झाल्याशिवाय गाडी रोजच्या वापरात आणू नये. वरचे दोन टेन्शनर इंजिनाचे पुढचे आवरण न काढता बदलता येतात.

इंजिन नेमके केव्हाचे आहे हे त्याच्या क्रमांकावरून कळते. तो क्रमांक म्हणजे इंजिन बनल्याची वेळ असून त्याचे पहिले सहा आकडे अनुक्रमे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. नोंदणीच्या वर्षापेक्षा या आकड्यांवर भिस्त ठेवावी.

प्रश्न : छप्पर बंद करत असताना आतल्या आरशाच्या वरून हिरवे तेल कपड्यांवर सांडले. गॅरेजमध्ये पूर्ण छप्पर-यंत्रणा बदलावी लागेल असे सांगतात. खरोखरच तसे आहे का?

बहुधा नाही. या गाडीच्या छपराचा हायड्रॉलिक पंप डिकीत असतो आणि छपराची पुढची कडी समोरच्या काचेच्या वरच्या चौकटीत, बरोबर आरशावर असते. पंपापासून त्या कडीपर्यंत दाबाचे तेल नेणाऱ्या बारीक नळ्या वर्षानुवर्षे उन्हात तापून कडक होतात आणि कडीजवळच्या वळणावर फुटतात. या मॉडेलच्या मालकांमध्ये हा अनुभव इतका सर्वपरिचित आहे की त्याला ‘हिरवी आंघोळ’ असेच नाव पडले आहे. अशा वेळी सहसा फुटलेल्या नळ्या बदलणे पुरेसे असते. मात्र एकच नळी बदलू नये, कारण तिच्या जोडीची नळी तेवढ्याच वयाची आहे. नव्या नळ्या मूळ नळ्यांपेक्षा जास्त दाब सोसणाऱ्या असाव्यात.

त्याच कामात पंपाचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, असे मी सुचवेन. मूळ यंत्रणा छप्पर उचलण्यासाठी लागतो त्याहून बराच अधिक दाब निर्माण करते, आणि हा जादा दाब सर्वांत जास्त तेव्हा वाढतो, जेव्हा कडी बसूनही आपले बोट कळीवरून उचललेले नसते. म्हणून कडी बसल्याचा आवाज येताच कळ सोडावी. टाकीत ठरवून दिलेले हायड्रॉलिक तेलच भरावे. ब्रेक ऑइल चुकूनही घातले, तर सगळी रबरी सील फुगून खराब होतात आणि मग गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च खरोखरच करावा लागतो. छतावरच्या अस्तरावर पडलेले तेल लगेच टिपून घ्यावे, कारण जुना डाग निघत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत छप्पर बंदच ठेवावे.

प्रश्न : तापमानाचा काटा नेहमी बरोबर मध्यभागी असतो. तरीही कूलंट दर महिन्याला थोडे कमी होते. चिंता करावी का?

होय. या गाडीतील काटा खऱ्या तापमानाबरोबर हलत नाही; बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला आहे. तो वर सरकलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि हे इंजिन अॅल्युमिनियमचे असल्याने एकदा जास्त तापले तरी हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि सिलिंडर यांमधील सील) जाण्याची भीती असते. डॅशबोर्डखालच्या ओबीडी (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या) जोडणीत लावायचा साधा रीडर घेऊन खरे अंश पाहण्याची सवय लावावी.

कूलंट जाते कुठे, याचा शोध प्रथम थर्मोस्टॅटच्या घरापासून घ्यावा. ते प्लास्टिकचे असून त्याला केसासारखे बारीक तडे जातात. थेंब गरम इंजिनावर पडून वाळतात आणि खाली जमिनीवर काहीच दिसत नाही. त्यानंतर वॉटर पंप पाहावा, कारण सुरुवातीच्या पंपांतील फिरणारे पातेही प्लास्टिकचेच होते. माझा सल्ला असा आहे की थर्मोस्टॅट, त्याचे घर, वॉटर पंप आणि मुख्य होज हे सर्व एकाच वेळी बदलावेत. वीस वर्षांचे प्लास्टिक किती किलोमीटर चालले आहे याला फारसा अर्थ नसतो. ते गाडी उभी असतानाही ठिसूळ होत राहते. कूलंट पूर्ण काढूनच नवे भरावे. दोन वेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र करू नये.

प्रश्न : गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे मॅन्युअलमध्ये लिहिले आहे. मग बदलू की नको?

बदलावे. 4 लिटर एक्सके-8 मधील पाच गतींचा गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आहे, आणि स्वतः झेडएफ आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्ससाठी 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षे असा कालावधी सांगते. तेलासोबत फिल्टरही बदलावा.

प्रश्न : आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते आणि मग डॅशबोर्डवर ब्रेक, गिअरबॉक्स असे अनेक दिवे लागतात. बॅटरी दोनदा बदलून झाली.

व्होल्टेज कमी झाले की या गाडीतील नियंत्रक यंत्रे नसलेले दोष दाखवू लागतात. म्हणून आधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि मगच दिव्यांकडे पाहावे. चार्ज केल्यावरही एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शनचे (चाकांची पकड सांभाळणाऱ्या यंत्रणेचे) दिवे राहिले, तर एबीएसच्या नियंत्रकातील डाग, म्हणजे सोल्डर, सुटले असण्याचा संभव आहे; ते पुन्हा डागून मिळतात.

बॅटरी का उतरते हे शोधण्यासाठी डिकी उघडी ठेवून तिची कडी स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद स्थितीत आणावी, म्हणजे डिकीचा दिवा विझेल. मग बॅटरीच्या तारेत अँमीटर जोडून तासभर थांबावे. सर्व यंत्रे झोपी गेल्यावर प्रवाह 50 मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडेल, त्या वाटेवर दोष आहे. डिकीचे, छप्पर-पंपाजवळचे आणि पायाखालचे गालिचे उचलून ओल आहे का तेही पाहावे. छपराच्या कडेची पाणी वाहून नेणारी भोके पानकचऱ्याने बुजली की पाणी आत येते आणि वायरिंगच्या जोडांना गंज चढतो.

एक सूचना कळकळीने करतो : बॅटरी डिकीत असल्यामुळे तिच्यातून निघणारा हायड्रोजन बाहेर नेणारी नळी नव्या बॅटरीला जोडली आहे ना, हे आजच तपासावे. बॅटरी बदलताना ही नळी हमखास सुटी राहते.

प्रश्न : टायर नऊ वर्षांचे आहेत, पण नक्षी भरपूर शिल्लक आहे. चालतील का?

रोजच्या आणि पावसातल्या वापरासाठी मी ते ठेवणार नाही. टायरच्या बाजूवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष दाखवतात. पुढचे टायर बदलताना शॉक अॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकाचे पिवळे फोमचे बुशही पाहून घ्यावेत. त्यांचा भुगा झालेला असेल, तर खड्ड्यांवर येणारा ठकठक आवाज तिथूनच येतो आणि नवे टायर घालूनही तो जाणार नाही.