पावकी-निमकी येत नव्हती म्हणून

खानापूर तालुक्यातली मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात पीयूसी सायन्सचं पहिलं वर्ष (म्हणजे अकरावी), सहामाहीला गणितात नापास. सोबत वडील. "मॅडम, माझ्या भावाचा पोरगा दुसरीत पावकी-निमकी, पाव-अर्ध्याचे पाढे, घडाघडा म्हणायचा. हिच्यात तसं कधी दिसलंच नाही. आता सोळाव्या वर्षी काय येणार? कॉमर्सला घालू काय?"

वयाचं नंतर बघू म्हटलं, आधी उत्तरपत्रिका काढा.

एक गणित असं: दोन चाचण्यांत 55 आणि 58 गुण, सरासरी 'ॲट लीस्ट' 60 यायला तिसरीत किती हवेत? तिनं लिहिलं होतं 60. का, तर 'ॲट लीस्ट' तिनं 'ॲट लास्ट' वाचलं, म्हणजे शेवटच्या चाचणीत 60! तेच मराठीत "किमान" म्हणून विचारलं तर दोन मिनिटांत 180 वजा 113, "67 किंवा जास्त."

दुसरी चूक मात्र भाषेची नव्हती. (a+b)² म्हणजे a²+b², असं तीन ठिकाणी. 7 बाजूचा चौरस काढून बाजू 3 आणि 4 अशी तोडायला लावली. 9 आणि 16 मिळून 25. मग उरलेले 24 कुठं गेले? 3×4 चे दोन आयत तिनं स्वतः रंगवले. हे आठवी-नववीत सुटलेलं.

रोज 45 मिनिटं ठरली. बीजगणिताची जुनी पाच गणितं, चालू धड्यातली दोन. प्रश्न आधी आपल्या मराठीत एका ओळीत लिहायचा. अडलं तर 15 मिनिटं झगडून उत्तराची एकच ओळ बघायची आणि गाईड मिटायचं. तेच गणित चौथ्या आणि दहाव्या दिवशी न बघता. दुसऱ्या आठवड्यात मुलं ती मराठी ओळ कंटाळून सोडतात, की जुन्या चुका परत हजर.

वडिलांना सांगितलं, पावकीनं पाठांतर आणि वेग कळतो, पुढचं गणित नाही. गणिताच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धेला वीस वर्षांखालचेच घेतात, गणितातल्या मोठ्या फील्ड्स पदकाला चाळिशीच्या आतलं वय लागतं. मग लहान वयाचीच नावं कानावर येणार. ऑलिंपियाडच गाठायचं तर लवकर लागावंच लागतं, ते खरं. पण अमेरिकेतल्या मार्जोरी राइस या गृहिणीचं गणित शाळेपुरतंच होतं. 1975 मध्ये मासिकातला लेख वाचून पन्नाशीनंतर तिनं फरशीसारखे जुळणाऱ्या पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले.

कॉमर्सचा निर्णय वार्षिक परीक्षेपर्यंत लांबवला. तोवर वडिलांना एकच काम: जेवताना पुतण्याचं नाव काढायचं नाही.