एकच रॉड, सगळे मासे?

प्रश्न: गाव मालवणजवळ, सुट्टीत खाडीवर गळ टाकतो. काळुंदर आणि तांबोशी दोन्हीला चालेल असा एकच रॉड सांगा ना.

उत्तर: खरं सांगू का, एकच नाही जमत! काळुंदरीचं तोंड बारकं, तिला छोटी गरी (गळाचा आकडा), कणकेची गोळी आणि शेंडा मऊ असलेला ६ फुटी लाइट रॉड, नाहीतर सरळ बांबूची काठी, माझी अजून तीच लाडकी आहे. तांबोशी मात्र गरी लागली की लगेच खडपात नाहीतर कांदळवनाच्या मुळात घुसते आणि दोरी कापते, तिला ७ फुटी मीडियम हेवी, म्हणजे जरा ताठ आणि दणकट रॉड घ्या. त्यावर जिताडापण निघतो. पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, लांब फेकायचं असेल तर १० फुटी, पण तो एसटीत न्यायचा म्हणजे कंडक्टरशी भांडण.