मुरड्यावर ओवा, इसबगोल की पुदिना?

प्रश्न : माझे वय 36 असून मी शाळेत शिक्षिका आहे. बऱ्याच दिवसांपासून सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी पोटात मुरडा येतो आणि तीन-चार वेळा शौचाला जावे लागते. गेल्यावर बरे वाटते, पण पोट साफ झाले असे वाटत नाही. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी यांत काही निघाले नाही. डॉक्टरांनी ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामकाजातील बिघाड) असे निदान केले. सासूबाईंच्या सांगण्यावरून रात्री पोट साफ करणारे चूर्ण आणि सकाळी ओव्याचे पाणी घेते. चूर्णाचे प्रमाण वाढवावे का? पुदिना, बेल, इसबगोल यांपैकी काय घ्यावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : प्रथम त्या चूर्णाच्या डबीवरील घटकांची यादी वाचावी. पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याच्या स्नायूंना डिवचून मल पुढे ढकलते, आणि रात्री घेतलेल्या मात्रेचा परिणाम सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका आपल्या शाळेच्या वेळेला, दिसतो. मुरडा हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. तेव्हा प्रमाण वाढवण्याचा प्रश्नच नाही. डबीत सोनामुखी निघाली तर ते चूर्ण बंद करून दोन आठवडे वाट पाहावी. सासूबाईंचा हेतू चांगलाच असणार, पण ज्याला आधीच दिवसातून चार वेळा जावे लागते त्याला रेचक देण्यात अर्थ नाही.

आयबीएस या विकारात आतड्याला जखम किंवा सूज नसते. त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. म्हणून वनस्पती निवडताना मुख्य तक्रार कोणती ते पाहावे, आणि एका वेळी एकच सुरू करावी, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही.

आपण इसबगोलापासून सुरुवात करावी. त्याचा भुसा पाणी शोषून बुळबुळीत होतो, त्यामुळे पातळ मल बांधला जातो आणि कडक मल मऊ होतो. अर्धा चमचा भुसा पेलाभर पाण्यात ढवळून, तो घट्ट होण्यापूर्वी लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकू नये, तो घशात अडकू शकतो. सोसेल तसे प्रमाण दोन चमच्यांपर्यंत न्यावे. पहिले काही दिवस थोडा गुबारा धरतो. इतर औषधे, विशेषतः थायरॉईडची गोळी, आणि इसबगोल यांत काही तासांचे अंतर ठेवावे. गव्हाचा कोंडा मात्र या कामी वापरू नये, त्याने गुबारा आणि दुखणे दोन्ही वाढू शकतात.

मुरडा त्यानंतरही राहिला तर पुदिन्याचा विचार करता येईल. पेपरमिंट तेलातील मेंथॉल आतड्याच्या स्नायूंचे आकुंचन सैल करते, आणि या विकारात ज्या थोड्या वनस्पतींची नीट चाचणी झाली आहे त्यांत हे तेल आहे. ते आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलमधून, डॉक्टरांना विचारून, जेवणापूर्वी घ्यावे. कॅप्सूल चावू नये. तेल जठरातच सुटले तर छातीत जळजळते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी ते टाळलेलेच बरे. पुदिन्याची चटणी किंवा काढा यांत तेल फार थोडे असते, त्यांच्याकडून तेवढ्या गुणाची अपेक्षा ठेवू नये.

ओव्याचे पाणी गॅसवर चालू ठेवण्यास हरकत नाही, जळजळ होत नसेल तर. बेलाच्या बाबतीत गोंधळ फार होतो : परंपरेने जुलाबावर वापरतात तो कच्च्या फळाचा वाळवलेला गर, पिकलेले फळ मात्र सारक मानले जाते. मुरंब्यात साखरच जास्त असते. कांदा, लसूण आणि कडधान्ये यांनी गुबारा वाढतो का, तेही काही आठवडे टिपून पाहावे. कित्येकांचा निम्मा त्रास तिथेच असतो.

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, शौचासाठी झोपेतून उठावे लागणे, ताप किंवा रक्ताल्पता यांपैकी काही असेल तर वरील काहीही न करता डॉक्टरांकडे जावे. गव्हाच्या ॲलर्जीसारखा दिसणारा सिलिॲक विकार रक्ततपासणीत पाहिला होता का, हे त्यांना विचारावे. ती तपासणी राहिली असेल तर होईपर्यंत गहू बंद करू नये, अन्यथा निष्कर्ष चुकू शकतो. गर्भधारणेचा विचार असल्यास चूर्ण आणि कॅप्सूल दोन्हींबद्दल आधी त्यांनाच सांगावे.