बीटलचा हीटर नंतर, आधी विम्याचा कागद वाचा

एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, घरात पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी १९६५ सालची फोक्सवॅगन बीटल घेतली. हिवाळ्यात पारा शून्याखाली गेला की गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, आणि हीटर लावला की उबेपेक्षा वासच जास्त येतो. गॅरेजवाल्याने सगळं नीट करून द्यायचा खर्च सांगितला आहे. प्रश्न असा: ‘पॉलिसीवर कर्ज काढून हे काम आत्ताच करू, की हिवाळा संपेपर्यंत थांबू? गाडीची किंमत वाढतेच आहे, म्हणजे पैसे वाया जायचे नाहीत. छोटी गाडी मागच्या वर्षी विकून इंजिनाचं काम केलं, उगाच दोन-दोन गाड्या कशाला?’

पत्रातलं हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि त्यांच्याकडून विम्याचे कागद मागवले. ते आले तेव्हा हीटर बाजूलाच राहिला.

आकडे जसेच्या तसे छापत नाही. महिन्याला हातात येणारा पगार १०० धरू, बाकी सगळं त्याच मापात. घरखर्च ७०. बीटल ४०० ला घेतली. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च १८०. बँकेत शिल्लक ५०.

तर विमा. तुमच्याकडे आहे ती जुन्या, हौसेच्या गाड्यांसाठीची पॉलिसी. हप्ता वर्षाला ६. रोजच्या वापराचा पूर्ण विमा १४ ला पडला असता. ही पॉलिसी स्वस्त का, ते दुसऱ्याच पानावर लिहिलंय: वर्षाला जास्तीत जास्त ५,००० किलोमीटर, कामावर जाण्या-येण्यासाठी वापर नाही, आणि घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असली पाहिजे. तुमचं ऑफिस २२ किलोमीटरवर. जाऊन-येऊन ४४, वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर साडेनऊ हजारांच्या वर गेलात. कामावर तर रोजच जाता. आणि दुसरी गाडी तुम्ही स्वतःच विकली. तीन अटी होत्या, तिन्ही मोडल्या.

तुमचा विमा एजंट म्हणाला, ‘कोण बघतंय?’ रोज कोणी बघत नाही, हे खरं. अपघात झाल्यावर मात्र बघतात, आणि तेव्हा बघण्यासाठी पगारी माणसं असतात. बर्फावर गाडी घसरून तुमचीच गाडी चेपली, तर फार तर गाडीचे पैसे गेले म्हणू. पण समोरचा माणूस जन्माचा अधू झाला तर? भरपाईचा आकडा बीटलच्या किमतीवर ठरत नाही, त्या माणसाच्या उरलेल्या आयुष्यावर ठरतो. बऱ्याच देशांत कायद्यानुसार विमा कंपनीला जखमी माणसाला पैसे द्यावेच लागतात, पण अट मोडल्याचं कारण पुढे करून ती ते पैसे नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. म्हणजे वर्षाचे ८ वाचवण्यासाठी तुम्ही राहतं घर पणाला लावलं आहे.

त्या वाचलेल्या ८ चं पुढे काय झालं, ते वाचून मला हसावं की चिडावं कळेना. त्याच एजंटाने सांगितलं, ‘विम्यात बचत झाली ना, मग ती गुंतवा,’ आणि १५ वर्षांची बचत-विमा पॉलिसी गळ्यात मारली. हप्ता महिन्याला ८. वर्षाला ८ वाचले म्हणून वर्षाला ९६ भरायचे! पंधरा वर्षांत १,४४० भराल. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात २,००० दिसतात. ते मिळालेच तरी परतावा वर्षाला जेमतेम ४ टक्के. बारीक अक्षरात लेखी हमी आहे ती १,५०० ची, बाकीचा ‘अपेक्षित बोनस’. तुम्हाला काही झालं तर घरच्यांना मिळतील ९६०. घरखर्च ७० धरला तर चौदा महिनेसुद्धा निघत नाहीत. मुलं तेव्हाही शाळेतच असतील.

आणि याच पॉलिसीवर तुम्हाला १८० चं कर्ज हवंय. दोन वर्षांत १९२ भरलेत, पण तिचं आजचं सरेंडर मूल्य, म्हणजे ती आज मोडली तर हातात येणारी रक्कम, ६२ आहे. कर्ज सरेंडर मूल्यावर मिळतं, भरलेल्या हप्त्यांवर नाही. फार तर पन्नासेक हातात येतील. तेव्हा तुम्ही विचारलेला पर्याय मुळात नाहीच.

पॉलिसी बंद करा. १३० बुडाले, ते परत येणार नाहीत. पण आजचे ६२ आणि पुढची तेरा वर्षं भरायचे हप्ते यांच्यावर हमीचा परतावा काढला तर तो वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास येतो. त्याच्या पायी आणखी १,२४८ भरायची गरज नाही. आधी साधा मुदतीचा विमा घ्या, म्हणजे बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा, दहा वर्षांच्या पगाराइतका. धूम्रपान करत नसाल आणि तब्येत ठीक असेल तर या वयात हप्ता महिन्याला २ च्या आसपास बसावा. तो कागद हातात पडल्यावरच जुनी पॉलिसी मोडा, आधी नाही.

आता ‘किंमत वाढतेच आहे’ याबद्दल. शेजाऱ्याने अशीच एक गाडी ९०० ला ‘लागलेली’ पाहिली म्हणता. लागलेली म्हणजे मागितलेली. विकली गेली का, ते विचारलंत? तुमच्या गाडीचा हिशोब करू. खरेदी ४००, आजवरची कामं २६०, गाडी ठेवायच्या जागेचं भाडं महिन्याला ३ म्हणजे तीन वर्षांचं १०८, विम्याचे १८. झाले ७८६, पेट्रोल सोडून. उद्या विकायला काढलीत आणि ६५० मिळाले तर नशीब समजा. बीटल काही दुर्मीळ नाही. २००३ मध्ये शेवटची बाहेर पडली तोवर दोन कोटी दहा लाखांहून जास्त बनल्या होत्या. शिवाय तुम्ही ती हिवाळ्यात, मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून रोज पळवता. या गाडीत गरम हवा दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे येते. त्याच पट्ट्यांवर बॉडीची ताकदही अवलंबून असते, आणि मीठ त्यांनाच आधी खातं. किंमत वाढायची असेल तर ती कोरड्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीची वाढेल. हौस म्हणून ठेवा, माझी काही हरकत नाही. माझ्याकडेही पूर्वी एक जुनी गाडी होती आणि तिच्यावर किती गेले ते मी आजवर घरी सांगितलेलं नाही. फक्त निवृत्तीच्या रकान्यात तिचं नाव लिहू नका.

एक गोष्ट पैशांची नाही, पण सगळ्यात आधीची आहे. पत्नी स्टेशनपर्यंत तुमच्याबरोबर येतात आणि ‘तिचं डोकं दुखतं, पण ते थंडीने दुखत असेल’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. या इंजिनाला पाणी नाही, ते हवेवर थंड होतं. गाडीत येणारी ऊब एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून येते. आतली नळी गंजून भोक पडलं की धूर थेट गाडीत. कधी नुसतं गळकं इंजिन ऑइल त्यावर पडून जळतं, त्याचाही वास येतो. पण कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, त्यामुळे वास कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते तपासून होईपर्यंत त्या गाडीत कोणीही बसायचं नाही.

म्हणजे हा हिवाळा बसने जा. २५ मिनिटांऐवजी ५० लागतात, लागू द्या. विमा कंपनीला लेखी कळवा की दुसरी गाडी विकली आहे आणि बीटल सध्या उभी आहे. उभ्या गाडीचा विमा मागा. एजंटामार्फत नको, थेट कंपनीला. पुढे रोज चालवायचीच असेल तर पूर्ण वापराचे १४ भरा.

सध्या घरखर्च ७०, पॉलिसी ८, पेट्रोल ५, जागेचं भाडं ३ जाऊन १४ उरतात आणि त्यातले निम्मे दर महिन्याला गॅरेजात जिरतात. बसच्या पासाचे ३ आणि मुदतीच्या विम्याचे २ धरले तर २२ उरतील. चार महिन्यांचे ८८, पॉलिसीचे ६२ आणि आजची शिल्लक ५०, झाले २००. घरात सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ४२० बाजूला हवेत. तिथवर जायला वेळ लागेल, पण निदान सुरुवात होते. कर्ज कशालाच नको.

आता तुमचा प्रश्न. गॅरेजवाल्याच्या कागदावर चार ओळी आहेत. हीट एक्स्चेंजरची जोडी आणि सील ३५: हे हवंच, हिवाळा संपला की त्या २०० मधून करा. पट्ट्यांचं वेल्डिंग ८०: आधी गाडी वर उचलून गंज डोळ्यांनी बघा, मग बोला, बॉडी कमकुवत होईल इतका असेल तर वेल्डिंग होईपर्यंत गाडी हलवायची नाही. बारा व्होल्टची वायरिंग २०: तुमची सहा व्होल्टची आहे. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि ऑइल घट्ट होतं, त्यामुळे स्टार्टर रेंगाळतो. पण आधी जाड केबल, स्वच्छ अर्थिंग, चांगली बॅटरी आणि थंडीला चालणारं पातळ ऑइल करून बघा. सगळं मिळून ४ सुद्धा होणार नाहीत. इंजिन गार असताना थंड हवा अडवणारा थर्मोस्टॅट आणि त्याच्या झडपा जागेवर आहेत का, तेही विचारा. पुष्कळ मेकॅनिक त्या काढून टाकतात, मग इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि ऊबही येत नाही.

चौथी ओळ रंग आणि सीट कव्हरची आहे, ४५ ची. हीटर दुरुस्त करायच्या कागदावर ती कशी आली, ते गॅरेजवाल्यालाच विचारा.